टोचणारा हात

२०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतून फिरून ४५ वर्षांवरील लोकांना करोनाची लस घ्यायला राजी करण्याची कामगिरी आमच्याकडे आली. एका घरी ओसरीवर एक म्हातारी आजी तांदूळ निवडत बसली होती. मी माझे पाठ झालेले भाषण तिला ऐकवले. लस कशी निर्धोक आहे, ताप आला तरी तो एक-दोन दिवसांचाच कसा असतो, वगैरे. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग, बाळा, तू टोचून घेतलंस का, एवढेच विचारले.

मी घेतली नव्हती. माझे वय तेव्हा ४९ होते. माझ्या वयोगटाला १ एप्रिलपासून लस मिळत होती. पण केंद्रावर गर्दी होती, परीक्षेची कामे होती, ताप आला तर दोन दिवस मोडतील अशी धास्ती होती, आणि वर्तमानपत्रात रक्ताच्या गुठळ्यांविषयी काहीबाही वाचले होते. खरे सांगायचे तर शेवटचे कारण पहिले होते. पुढच्या आठवड्यात घेणार आहे, असे मी म्हटले. आजीने मान हलवली आणि ती पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली. माझ्याबरोबरचे विद्यार्थी मला हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मी इतिहास शिकवतो. रँडचा वध, चापेकर बंधू, पुण्याचा प्लेग हे सारे वीस वर्षे वर्गात सांगत आलो. त्यात हाफकिन यांच्या वाट्याला एक ओळ येई : मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या रिकामपणात, मी त्या एका ओळीमागचा माणूस वाचायला घेतला. आजीने मला जे विचारले ते या माणसाला बंगालच्या झोपड्यांपासून पंजाबच्या खेड्यांपर्यंत हजारोंनी विचारले होते. कुणी तोंडाने, कुणी दगडाने.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात, हे दाखवून देऊन पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच. परंतु शिष्य केवळ सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारा नव्हता. झारशाही उलथू पाहणाऱ्या नारोदनाया वोल्या या गुप्त संघटनेशी हाफकिन यांचा संबंध होता. ओडेसात ज्यूंच्या घरांवर जमाव चालून आला तेव्हा एका घराचे रक्षण करताना ते जखमी झाले, आणि वर अटकही त्यांनाच झाली. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. पदवीनंतर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागला असता. त्यांनी नकार दिला आणि प्राणिसंग्रहालयाच्या वस्तू सांभाळण्याचे काम पत्करले.

हे मी जरा तपशिलाने सांगतो, याला कारण आहे. सरकार म्हणजे काय, पोलिसांचा हात खांद्यावर पडतो तेव्हा कसे वाटते, हे या माणसाला अनुभवाने ठाऊक होते. पुढे ज्या वस्त्यांत ते सुई घेऊन गेले तेथील लोकांनाही तेच ठाऊक होते. पण गोऱ्या कातडीच्या आत काय आहे, हे झोपडीतल्या माणसाला कसे कळावे?

१८८८ साली त्यांनी रशिया सोडला. जिनीव्हात काही काळ काढून ते पॅरिसला पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉव्ह आधीच तेथे पोहोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन तेथे सहायक ग्रंथपाल झाले. दिवसा पुस्तके आणि उरल्या वेळात जंतू. (आमच्या ग्रंथपालांनी या वाक्याची नोंद घ्यावी.)

त्या काळी युरोपात पटकीची मोठी साथ होती. पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक पुढे नेत हाफकिन यांनी आधी त्यांचा जोर वाढवला आणि मग त्यांपासून टोचण्याजोगी लस बनवली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग तिघा रशियन मित्रांना टोचली. रशियात पटकीने माणसे मरत होती, परंतु एका जुन्या क्रांतिकारकाने पाठवलेले औषध त्या सरकारला नको होते. सल्ला कोण देतो यावरून सल्ल्याची पारख करण्याची खोड फक्त अडाण्यांना असते, असे ज्यांना वाटते त्यांनी येथे थोडे थांबावे. पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी बंगालकडे बोट दाखवले, आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

येथेही वैद्यकीय खात्याने त्यांना उराशी धरले नाही. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय रशियन. हा झारचा हेर तर नाही ना, अशी शंका गोऱ्या अधिकाऱ्यांनाही होती. ज्या लोकांना लस द्यायची ते साहेब म्हणून त्यांना भीत आणि साहेब लोक परका म्हणून त्यांना दूर ठेवत. पहिले वर्ष उत्तर हिंदुस्थानात, मुख्यतः लष्करी छावण्यांतून टोचण्यात गेले.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत, कांठाल बागानात, पटकी सुरू झाली. सगळे एकाच तळ्याचे पाणी पीत होते. हाफकिन तेथे गेले तेव्हा जमाव खवळला, दगड आले, काचेची उपकरणे फुटली, असे त्यांच्या चरित्रांतून आढळते. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. सदरा वर केला आणि बरोबरच्या डॉक्टरकडून सर्वांदेखत स्वतःच्या कुशीत सुई टोचून घेतली. मग कुतूहलाने एकेक जण पुढे आला. वस्तीतील सुमारे २०० पैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे पटकीचे जे रुग्ण निघाले ते न टोचलेल्यांपैकी होते.

या प्रसंगात नाट्य आहे, म्हणून तो सगळीकडे सांगितला जातो. मला त्याच्या आसपासच्या दोन साध्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे त्यांच्यासोबत बंगाली डॉक्टर होते; लोकांच्या शंका लोकांच्या भाषेत ऐकून घेणारे. दुसरी म्हणजे कामाची वेळ. मजूर कामावर जाण्यापूर्वी पहाटे आणि परतल्यावर रात्री तेलाच्या दिव्याच्या उजेडात हाफकिन टोचत बसत. अकरा ते पाच केंद्र उघडे ठेवून लोक येत नाहीत म्हणून कुरकुरणारी आपली व्यवस्था आठवून पाहा. ज्याची मजुरी बुडते तो निष्काळजी नसतो. तो हिशेब करत असतो, आणि त्या हिशेबात उद्याच्या पटकीपेक्षा आजचा चूल्हा जवळ असतो.

१८९५ मध्ये हिवतापाने खंगून ते इंग्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी परत आले. तोवर मुंबईत दुसरेच संकट उभे राहिले होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ग्रंथिक सन्निपात या नावाने मराठी वृत्तपत्रे त्याविषयी लिहू लागली. ऑक्टोबरच्या आरंभी हाफकिन मुंबईस पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. हाती एवढे घेऊन त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली.

ती कशी बनवली हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. काचेच्या चंबूत बोकडाच्या मांसाचा अर्क घ्यायचा आणि त्यावर आपल्या घरचे साधे तूप थेंबाथेंबाने तरंगवायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे खाली लटकत वाढतात. चंबू हलवला की ते तळाशी पडतात आणि वर नवे धरतात. काही आठवडे असे वाढवून मग उष्णतेने त्यांना मारायचे. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बोकड घेतला होता, हे उघड आहे. ज्यांना टोचायचे त्यांच्या स्वयंपाकघराचा विचार प्रयोगशाळेत आधीच झाला होता. तरी शाकाहारी घरांतून मांसाच्या अर्काबद्दल कुजबुज झालीच, आणि ती खोटी होती असे म्हणता येणार नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना देत त्याच्या तिप्पट. ताप आणि वेदना भोगून ते उठले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचण्यात आले. टोचलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले आणि मृत्यू झाले ते न टोचलेल्यांमध्ये. कैद्याची इच्छा किती मोकळी असते हा प्रश्न मला अडतो, पण त्या काळी तो कुणाला पडला नव्हता.

आता बाहेर शहरात काय चालले होते ते पाहू. साथ सुरू झाल्यापासून काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गाव गाठायला बाहेर पडली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेऊन माणसे मारतात, त्यांच्या अंगातून तेल काढतात, अशा वावड्या होत्या. पुढे पंजाबात तर टोचायची सुई हातभर लांब असते, टोचल्यावर माणूस सहा महिन्यांत खलास होतो, पुरुष नपुंसक आणि बायका वांझ होतात, येथपर्यंत मजल गेली.

हे वाचताना आपल्याला हसू येते. मलाही आले. परंतु वावडी बाजूला ठेवून त्यामागचे निरीक्षण पाहिले, तर ते चुकीचे नव्हते. इस्पितळात गेलेला परत येत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. घरच्यांनी लपवलेला रोगी अखेरच्या घटकेला पकडून नेला जाई आणि मरे. मग पुढचा रोगी आणखी लपवला जाई. टोचलेला माणूस दोन दिवसांनी प्लेगने पडतो, हेही त्यांनी पाहिले होते. त्याच्या अंगात रोग आधीच शिरलेला असे, हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते. त्यातून दंडाला सूज आणि तापाने गेलेली मजुरी ही खात्रीची, तर प्लेग कदाचित येईल आणि कदाचित नाही. माझ्या तापाच्या हिशेबापेक्षा हा हिशेब फारसा वेगळा नाही.

मग पुणे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड पुण्यात आला. पुढचे आपण शिकतोच : गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती, स्वयंपाकघर आणि देवघर एक करणे, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान रस्त्यावर काढून जाळणे, निरोगी माणसांना छावणीत डांबणे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. याच साथीत १० मार्च रोजी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईतही झडतीवरून दंगल उसळली.

लस मात्र सक्तीची नव्हती. झडती सक्तीची, टोचणे ऐच्छिक. कागदावर हा फरक मोठा आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नव्हता, कारण दोन्ही गोष्टी एकाच सरकारकडून येत होत्या. काल ज्या हाताने तुमची माजघरातली कपाटे उलथली, तोच हात आज तुमच्या भल्यासाठी म्हणून सुई पुढे करतो. हाफकिन झडतीला गेले नव्हते. तरी झडतीची किंमत लसीला मोजावी लागली. वीस वर्षे मी रँड एका तासाला आणि हाफकिन दुसऱ्या तासाला शिकवला, त्यामुळे हे माझ्या कधी लक्षातच आले नाही.

उलट जेथे हात ओळखीचा होता तेथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ निघाले तेव्हा तेथे लोक जाऊ लागले. मुंबईत विशीतील आगाखान यांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः टोचून घेतले, आणि त्या समाजातील दहा-बारा हजार माणसांनी लस घेतली. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला त्यांनी आपला बंगलाही दिला.

आणखी एक मार्ग होता, जरा आडवाटेचा. टोचल्याचा दाखला असेल तर छावणीतून आणि प्रवासातल्या जाचातून सूट मिळे. १८९८ मध्ये हुबळीत ३५ हजारांहून अधिक माणसांनी टोचून घेतले. त्यांतल्या कितींना लसीवर विश्वास होता आणि कितींना दाखला हवा होता, हे सांगणे कठीण. बहुधा दोन्ही. आपण पुष्कळदा योग्य गोष्ट भलत्याच कारणासाठी करतो आणि मग कारण सुधारून सांगतो.

लसीचा गुण आकड्यांत दिसावा म्हणून हाफकिन यांनी केलेला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत धीराचा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावी झाला. गावात प्लेग होता. प्रत्येक घरातील माणसे त्यांनी निम्मी-निम्मी केली. पुरुष, बायका, मुले, अशक्त, सशक्त दोन्ही बाजूंना सारखी येतील अशी. एका निम्म्याला टोचले, दुसऱ्याला नाही. पुढे २८ घरांत रोग आला. त्या घरांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावली. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावली. पोर्तुगीजांच्या दमणमध्येही असेच आढळले. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. टोचलेल्या २,१९७ पैकी ३६.

उंधेऱ्याच्या त्या २६ माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना लस नको होती म्हणून ती मेली नाहीत. त्यांच्या वाट्याला ती आली नाही. मरणारा कोण आणि वाचणारा कोण हे एकाच चुलीभोवती बसून मोजले गेले, आणि त्या मोजणीवरून नंतर लाखोंना सांगता आले. याला आज नीतीच्या दृष्टीने काय म्हणावे, हे आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांवर सोपवतो.

सल्ला न ऐकण्याचा मक्ता मात्र एकट्या लोकांकडे नव्हता. गावाकडे उंदीर पडू लागले की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. माझ्या आजीच्या लहानपणीही असेच करत. टोचायला कुणी आले की तिला कणगीत लपवत, हेही ती हसून सांगे. उंदीर पडला की घर सोडा, हा लोकांचा सल्ला अगदी बरोबर होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे कराचीत दाखवले. अधिकारी मंडळींनी ते अनेक वर्षे मनावर घेतले नाही. ती गटारे, भिंती आणि जमिनी कार्बोलिकने धूत राहिली. त्यांच्या पाण्याने उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात पळाले असतील.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा थाटली गेली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. सी. आय. ई. हा किताब त्याआधीच मिळाला होता. वयाच्या चाळिशीत एवढे यश पुष्कळ झाले. आणि मग मुलकोवाल घडले.

१९०२ च्या पावसाळ्यानंतर पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचण्याचे ठरवले. परळहून लाखोंनी मात्रा हव्या होत्या. वेग वाढावा म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक न घालता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी पद्धत वापरली. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना टोचले. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतून. आठवड्याभरात त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. बाकीच्यांना काही झाले नाही.

वावडी खरी ठरली होती. सुई टोचली की माणूस मरतो, हे पाच वर्षे खोटे म्हणून सांगितले जात होते. आता त्याचा दाखला एका गावाच्या नावासकट उपलब्ध झाला. पंजाबातील मोहीम मोडून पडली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली आणि बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा तिचा कल पडला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

खरा प्रकार वेगळा होता आणि तो चौकशीच्या कागदांतच होता. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. परळहूनच जर ते बाटलीत आले असते तर तेवढ्या दिवसांत वाढून उघडताच घाण वास सुटला असता, आणि तसा वास आला नव्हता. हे कागद सरकारने चार वर्षे बाहेर येऊ दिले नाहीत. ते प्रसिद्ध झाल्यावर १९०७ मध्ये हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने वृत्तपत्रांतून लढले. जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. अखेर सरकारला त्यांना परत बोलवावे लागले. त्याच १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या पंजाबात.

सरकारवर मी येथे फार चिडलो होतो. मग वाटले, चिमटा पडला हे कबूल करायला त्यांना जड गेले, तसेच लस घेतली नाही हे ओसरीवर कबूल करायला मलाही जड गेले होते. फरक प्रमाणाचा आहे. पण मुलकोवालच्या लोकांना तेव्हाच खरे सांगितले असते, चूक बाटलीची नसून चिमट्याची होती आणि ती आमचीच होती, तर कदाचित पुढच्या गावाने दंड पुढे केला असता. निर्दोष ठरवायला पाच वर्षे लागली; ती बातमी मुलकोवालपर्यंत पोहोचली असेल, असे मला वाटत नाही.

परळची जागा तोवर भरली होती. हाफकिन कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे माणसांवर प्रयोग करण्याची मुभा त्यांना राहिली नाही. काही वर्षे तशी काढून ५५ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला परतले. लग्न केले नाही. उतारवयात ते धर्मनिष्ठ ज्यू झाले आणि आपली मिळकत ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तेव्हा आभार मानताना आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यांनी कळवले. तोवर परळहून लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आजीकडे मी परत गेलो, हे सांगायचे राहिले. त्याच आठवड्यात मी लस घेतली. दोन दिवस ताप आला आणि परीक्षेची कामे खरोखरच अडली. मग विद्यार्थ्यांना बरोबर न घेता एकटाच गेलो. आजीने मोबाइलवरचा दाखला पाहिला नाही. दंड दाखव म्हणाली. तेथे आता काही खूण उरली नव्हती. ताप किती आला, झोप लागली का, जेवण गेले का, हे तिने बारकाईने विचारले. मीही काही लपवले नाही. जूनमधील शिबिरात ती सुनेबरोबर आली. माझ्यामुळे आली, असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. लस घेतल्याशिवाय रेशन मिळणार नाही, अशी आवई त्या आठवड्यात गावात उठली होती.